मुखपृष्ठाला तेवीस गुण

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी. आमच्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, पण तिला आमच्याकडे कोणी शिक्षणात धरत नाही. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्या लिहिताना कोणी पदवी विचारली नाही. तेव्हा महाविद्यालयातल्या आणि विद्यापीठातल्या लेखनाविषयी मी तोंड उघडावे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. परंतु गेली वीस वर्षे दर फेब्रुवारी-मार्चात विद्यापीठच आपण होऊन माझ्या ओट्यावर येऊन बसते, त्याला माझा इलाज नाही.

ते येते ते असे. दिवेलागणीच्या सुमारास शाळेतला एखादा जुना विद्यार्थी दारात उभा राहतो. आता तो कॉलेजात असतो. बगलेत पुठ्ठ्याची फाइल, हातात स्केचपेनांचा संच. "सर, तेवढं पहिलं पान काढून द्या ना. परवा सबमिशन आहे." मी विचारतो, "विषय काय?" तो फाइल उघडतो आणि विषय वाचून सांगतो. खरे म्हणजे इथेच सारे आले. स्वतः लिहिलेल्या विषयाचे नाव कोणी फाइल उघडून वाचून सांगत नाही.

पर्यावरणाचा प्रकल्प असेल तर मी निळी-हिरवी पृथ्वी काढतो, ती दोन तळहातांवर ठेवतो आणि वर एक रोपटे उगवून देतो. मराठीचा असेल तर दौत आणि मोराचे पीस. इतिहासाचा असेल तर किल्ल्याचा बुरूज. कडेने वेलबुट्टी. मुलगा खूश होऊन जातो आणि पंधरा दिवसांनी रस्त्यात गाठून सांगतो, "सर, पंचवीसपैकी बावीस पडले!" ते बावीस कोणाला पडले हा प्रश्न मी इतकी वर्षे विचारला नाही. आज विचारणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचे की नाही हे वाचकाला ठरवता येईल. आपल्याकडे विद्यार्थ्याचे लेखन वाचले जात नाही, म्हणून ते लिहिले जात नाही. आणि लिहिले जात नाही, म्हणून ते सजवले जाते. लेखनाचा नीटनेटकेपणा हा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. वाचणाराच नाही म्हटल्यावर त्या नीटनेटकेपणाची निव्वळ आरास होते. आरास चांगली झाली म्हणून गुण मिळू लागले, की आत मूर्ती बसवायचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचा गुन्हा सांगणे भाग आहे. १९९६-९७ साली मी पदविकेसाठी परगावी राहत होतो. खोलीचे भाडे होते, खाणावळ होती, आणि घरून पैसे येण्यासारखे नव्हते. माझे अक्षर बरे होते. त्या गावात शिक्षक होण्यासाठी शिकणारे पुष्कळ होते. त्यांना पाठांची टिपणे, तक्ते, फाइली कराव्या लागत. पानाला दोन रुपये या दराने मी त्या लिहून देऊ लागलो. जुनी फाइल समोर ठेवायची आणि नवीत उतरवायची, एवढेच काम. एकदा एकाच फाइलीवरून तिघांच्या फाइली केल्या. मूळ फाइलीत कोणी तरी भलतेच पान मध्ये टाचून ठेवले होते. रात्रीचे दोन वाजले होते. मी समोर आले ते उतरवत गेलो. तिन्ही फाइलींत सातवीच्या इतिहासाच्या पाठाच्या मधोमध बेडकाच्या जीवनचक्राचे एक पान आले. तिन्ही फाइली तपासून परत आल्या तेव्हा पानोपानी लाल शाईची बरोबरची खूण होती. बेडकावरही होती. तिघेही चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले.

त्या बेडकाने मला जे शिकवले ते मी विसरलो नाही. माणसाला लबाड व्हायला फार मोठा मोह लागत नाही. समोरचा पाहत नाही, एवढे त्याला एकदा कळले की पुरते.

तरीही पुढे कितीतरी वर्षे मी हे सारे हसण्यावारी नेत आलो. ते हसणे ज्या दिवशी थांबले तो प्रसंग सांगतो.

२०१६ सालचा फेब्रुवारी महिना. दुष्काळाचे वर्ष होते. त्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती आली आणि म्हणाली, "सर, नुसतं नाव नीट लिहून द्या. चित्र नको." मला नवल वाटले. मी फाइल उघडली. आत फुलस्केपची चार पाने होती, हाताने लिहिलेली. विषय होता तिच्या गावच्या तीन विहिरी. तिने दोराला हाताहातावर गाठी मारल्या होत्या, आणि दिवाळीनंतर, संक्रांतीला व महाशिवरात्रीच्या आधी अशा तीन वेळा तिन्ही विहिरींतले पाणी किती हातांवर आहे ते मोजले होते. १९७२च्या दुष्काळात यांतली कोणती विहीर आटली नव्हती, हे दोन म्हाताऱ्यांना विचारून टिपले होते. नव्या बोअर ज्या बाजूला पडल्या त्या बाजूच्या विहिरीचे पाणी सर्वांत लवकर खाली गेले होते. आणि शेवटी त्या मुलीने लिहिले होते की हे बोअरमुळेच झाले असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण मी तीनच विहिरी पाहिल्या आहेत.

मी ती पाने दोनदा वाचली. नाव मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहून दिले.

दोन दिवसांनी ती परत आली. फाइल स्वीकारली गेली नव्हती. हाताने लिहिलेले चालत नाही, टंकलिखित पाहिजे. कमीत कमी वीस पाने पाहिजेत. रंगीत चित्रे पाहिजेत. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, विषयाचे महत्त्व, निरीक्षणे, निष्कर्ष या क्रमानेच पाहिजे. तिच्या हातात आता दुसरी फाइल होती, झेरॉक्सच्या दुकानातून घेतलेली. दुकानदाराच्या संगणकात अशा फाइली तयारच असतात; नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलतात. एकशेवीस रुपये. विषय होता ओझोनच्या थराचा ऱ्हास. "सर," ती खाली बघत म्हणाली, "यावर ती पृथ्वी काढून द्याल?"

मी काढून दिली. तळहात काढले, रोपटेही काढले. तिला पंचवीसपैकी तेवीस पडले. ती चार पाने तिने माझ्या टेबलावरच ठेवली. "राहू द्या सर. यांचं आता काही काम नाही."

आता ज्या नियमांच्या नावाने हे झाले ते नियम काय म्हणतात ते पाहू. पर्यावरणाचा विषय पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला त्याचे मूळ १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर दिलेल्या आदेशात आहे. पुढे बरीच वर्षे गेली, पुन्हा न्यायालयालाच लक्ष घालावे लागले, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम तयार केला. त्यात लेखी परीक्षेला पंचाहत्तर आणि क्षेत्रकार्याला पंचवीस गुण ठेवले. क्षेत्रकार्य म्हणजे काय हेही सांगितले: आपल्या भागातली नदी, रान, डोंगर पाहून नोंद करा; जवळचे एखादे प्रदूषित ठिकाण पाहा; नेहमीच्या झाडांचा, किड्यांचा, पक्ष्यांचा अभ्यास करा; तळे, ओढा यांसारखे साधे काही निरखा. म्हणजे नियमाला हवी होती ती दोराची गाठ. त्या मुलीची चार पाने नियमात बसत होती, आणि ओझोनची वीस पाने बसत नव्हती. ओझोनचा थर पाहायला आमच्या तालुक्यातून कोणी गेलेले नाही. नियम दिल्लीहून निघाला तेव्हा विहिरीपर्यंत जाण्यासाठी निघाला होता. वाटेत तो झेरॉक्सच्या दुकानात थांबला आणि तिथेच राहिला.

इथे कोणी म्हणेल, "मास्तर, म्हणजे स्वरूपाला काही किंमतच नाही असे तुमचे म्हणणे. कसेही लिहावे, कशावरही लिहावे!" नाही. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जन्मभर मुलांना समास आखायला लावणारा माणूस समासाविरुद्ध कसा बोलेल? माझी तक्रार अशी की, ज्यांनी मुलांना स्वरूपाची सक्ती केली त्यांनी ते स्वरूप कशासाठी असते हे एकदाही सांगितले नाही.

डावीकडचा समास उजवीकडच्यापेक्षा रुंद का ठेवायचा? कारण शिवण किंवा बाइंडिंग अर्धा इंच खाते, आणि न ठेवल्यास ओळींची पहिली अक्षरे त्यात बुडतात. ओळींत दीडपट अंतर का? कारण वाचणाऱ्या गुरुजींना मधल्या जागेत लाल शाईने काही लिहिता यावे. पान-क्रमांक का? कारण पाने सुटतात, आणि मग इतिहासात बेडूक शिरतो. परिच्छेद का पाडायचा? कारण एक मुद्दा संपला, आता दुसरा सुरू होतो, हे वाचणाऱ्याला सांगायचे असते. मुखपृष्ठावर नाव, विषय आणि वर्ष का? कारण दीडशे फाइलींच्या ढिगात आपली सापडावी. यातला एकही नियम सौंदर्यासाठी नाही. सगळे नियम दुसऱ्या माणसासाठी आहेत. पाहुण्याला पाणी देताना तांब्या घासून घेतात तशी ही रीत आहे. पण तांब्या घासून घासून चकचकीत केला आणि आत पाणीच नाही, तर ती रीत नव्हे, थट्टा झाली.

अर्थ न कळता पाळलेल्या नियमाचे काय होते त्याचा एक नमुना माझ्या संग्रही आहे. एका विद्यार्थ्याने मला एम. ए. मराठीच्या लघुप्रबंधाच्या सूचनांचा कागद दाखवला. त्यात लिहिले होते: अक्षर 'टाइम्स न्यू रोमन', आकार बारा. मराठीच्या प्रबंधाला! हा टाइप १९३२ साली लंडनच्या 'टाइम्स' या दैनिकाच्या अरुंद स्तंभांसाठी निघाला, आणि त्यात देवनागरीचा 'क' सुद्धा नाही. इंग्रजी विभागाचा कागद मराठी विभागाने उतरवून घेतला होता, म्हणजे नक्कल करू नका असे सांगणारा कागदच नकलेचा होता. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांट्या आहेत, खाली उकार आहेत. रोमन अक्षरापेक्षा त्याला ओळींत मोकळी जागा जास्त लागते. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी आणि त्यांच्याकडे खिळे कोरणाऱ्या राणोजी आरूंनी या अक्षराच्या वळणासाठी एवढे कष्ट घेतले, आणि त्याच मुंबई इलाख्याच्या वारसांनी मराठी प्रबंधाला लंडनच्या वर्तमानपत्राचे अक्षर नेमून दिले. मुलाला वाटले, काही तरी नियम असेल. तो नियमाला भ्यायला, पण नियम समजून घ्यायला कोणी त्याला बसवले नाही.

तीच गत संदर्भांची. ही मुले ऋणनिर्देश मोठ्या निगुतीने लिहितात. प्राचार्यांचे आभार, विभागप्रमुखांचे आभार, ग्रंथपालांचे आभार, आई-वडिलांचे आभार. ज्याची पंधरा पाने उचलली त्याचे मात्र नाव नाही! ज्यांनी काही दिले नाही त्यांचे ऋण मान्य करायचे आणि ज्याच्याकडून घेतले त्याला विसरायचे, याला आपल्याकडे ऋणनिर्देश म्हणतात.

आणि हे आपल्या भूमीत घडते आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ग्रंथ पुरा केला तेव्हा, आपण आधीच्या भाष्यकारांच्या आधाराने चाललो, हे मोकळेपणाने सांगून ठेवले. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढायला घेतले आणि बावीस खंड काढले. कागद कोणाचा, कुठला, हे विचारल्यावाचून त्याला किंमत देऊ नये, ही शिस्त त्या पिढीने महाराष्ट्राला लावली. संदर्भ देणे ही काही परदेशातून आलेली डोकेदुखी नव्हे. घेतले त्याचे नाव सांगावे, हा आपल्या घरचाच धर्म आहे.

विद्यार्थ्याचे लेखन किती उंच जाऊ शकते याचा दाखला हवा असेल तर तोही फार दूरचा नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला. आजच्या भाषेत सांगायचे तर ते त्याचे सबमिशन होते. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. दुसऱ्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला आणि शंभराहून अधिक वर्षे झाली तरी वाचला जातो.

आमच्या प्रत्येक कॉलेजात त्यांची तसबीर आहे. जयंतीला हार घालतो. पण त्या निबंधाची बांधणी एकदा तरी मुलांना उकलून दाखवावी, हे कितीजणांना सुचते? बाबासाहेबांनी त्यात काय केले ते पाहा. जात म्हणजे काय, याविषयी आधीच्या चार पंडितांनी जे सांगितले ते त्यांनी नावानिशी पुढे ठेवले: सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर. एकेकाचे म्हणणे तपासले. कोणाच्या व्याख्येत जास्त येते, कोणाच्या व्याख्येत कमी पडते, ते दाखवले. केतकरांविषयी आदर राखला, आणि तरीही त्यांनी जी दोन लक्षणे वेगळी मानली ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे स्पष्ट सांगितले. मग स्वतःचे म्हणणे मांडले: जातीत जातीतच लग्न, ही त्या यंत्रणेची कळ आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे ती कळ टिकवण्याचे उपाय आहेत. आणि शेवटी काय सांगितले? आपले म्हणणे अखेरचे नाही. चूक ठरल्यास ते सोडून द्यायची आपली तयारी आहे.

दुसरे काय म्हणाले, ते मी कुठे वाचले, त्यात मला काय पटले नाही, माझे स्वतःचे काय, आणि माझी खात्री कुठपर्यंत आहे. एवढ्या पाच गोष्टींत चांगल्या असाइनमेंटचे सारे शास्त्र आले. प्रस्तावना-उद्दिष्टे-महत्त्वाच्या ठरीव कप्प्यांत ते मावत नाही. आणि मला आता राहून राहून वाटते की, तीन विहिरींवरून खात्रीने बोलता येत नाही असे लिहिणारी आमची ती मुलगी त्या निबंधाच्या वाटेवर दोन पावले चालून गेली होती. आम्ही तिला हात धरून मागे आणले.

आता प्राध्यापकांची बाजू. ती मी ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. एका वर्गात दीडशे मुले. शिकवणारा तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही वेळेवर नाहीत, सुट्टीचे मुळीच नाहीत. वर निरनिराळे अहवाल भरायचे. अशा माणसाने दीडशे फाइली वाचायच्या म्हणजे दीडशे गुणिले वीस, तीन हजार पाने. ती कोणाच्याने वाचून होतील? माझ्याने नाही होणार. म्हणून तो वजन पाहतो, कव्हर पाहतो आणि सही करतो. मी त्याला दोष देत नाही.

पण मग साधे गणित करा. वीस पाने सांगितली कोणी? तीन सांगा. दीडशे गुणिले तीन, साडेचारशे पाने. तीही थोडी नाहीत, पण रोज पंधरा मुलांची काढली तर दहा दिवसांत वाचून होतात. वर्षाला चार असाइनमेंटींऐवजी एक घ्या, पण ती वाचा, आणि लाल शाईने दोन ओळी लिहून परत करा. परत करा हे मी मुद्दाम म्हणतो. आपल्याकडे जमा केलेली फाइल मुलाला पुन्हा दिसत नाही. ती तपासणी-समितीसाठी कपाटात जाते आणि चार-पाच वर्षांनी रद्दीत. ज्या लेखनाला उत्तर येत नाही ते लेखन म्हणजे टपालपेटीऐवजी विहिरीत टाकलेले पत्र आहे. मूल ते पुन्हा का लिहील?

आणि वरचे लोक काय करतात? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत सारखेपणा माफ; चाळीसपर्यंत सुधारून आणा; साठपर्यंत वर्षभर थांबा; साठच्या वर नोंदणी रद्द. चांगले झाले. पण त्याच नियमांत प्रबंध कशाला म्हणायचे ते सांगताना असाइनमेंट, प्रकल्प-अहवाल, वर्गातले निबंध हे सारे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. विद्यार्थ्याला शिक्षा नको, हा हेतू असेल तर मला मान्य आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला मीही शिक्षा करणार नाही. पण ज्या वयात हाताला वळण लागते त्या वयात कोणी बघायचे नाही, आणि पीएच. डी.ला यंत्र लावून टक्के मोजायचे, हा न्याय मला कळत नाही. मूळाक्षरे गिरवताना वळण बघितले नाही, तर मोठेपणी सही सुंदर येत नाही. हे मी चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो.

शिवाय २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी नावाचे यंत्र आले आणि पाठोपाठ त्याची भावंडे आली. पुष्कळांनी कपाळाला हात लावला की आता मुले काहीच लिहिणार नाहीत. मला त्यात फारसे नवे दिसले नाही. मी स्वतः १९९६ साली तेच यंत्र होतो, पानाला दोन रुपये घेणारे. हे नवे यंत्र स्वस्त आहे, झोपत नाही, आणि समास चोख आखते. प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निष्कर्ष, सगळे कप्पे क्षणात भरते. कधी कधी तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचीही नावे संदर्भ म्हणून देते, आणि तीही अगदी नियमाबरहुकूम! तेव्हा स्वरूपाला गुण देण्याचा धंदा आता बंदच करावा लागेल. कारण ते गुण यापुढे यंत्राचे आहेत. यंत्र एवढेच करू शकत नाही: ते दोर घेऊन विहिरीवर जात नाही, आणि म्हातारीच्या उंबऱ्यावर बसून १९७२ सालची गोष्ट ऐकत नाही. प्रश्नच असा विचारा की ज्याचे उत्तर गावात जाऊन आणावे लागेल. 'पाण्याचे महत्त्व' हा विषय देऊ नका; 'तुमच्या विहिरीत आज पाणी किती?' हा द्या.

मुलांनाही दोन शब्द सांगतो, कारण सगळा दोष थोरांवर टाकणे हे फार सोपे असते. बाळांनो, लिहायला बसण्याआधी आपल्याला काय विचारायचे आहे ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आले नाही तर अजून लिहायची वेळ झालेली नाही. मग पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले असे तीन ढीग करा आणि कुठली गोष्ट कुठल्या ढिगातली ते वाचणाऱ्याला कळू द्या. वाचलेले असेल तर कोणाचे, कुठल्या पुस्तकातले, कुठल्या पानावरचे ते तिथल्या तिथे लिहा. नंतर आठवत नाही. आपले वाक्य मोठ्याने वाचून पाहा; दम लागला तर त्याचे दोन तुकडे करा. जे ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही असे लिहा. आणि हे सारे झाले की मग समास आखा, पाने मोजा, नाव लिहा. तेव्हा त्या समासाला अर्थ येतो.

ती मुलगी आता एका पतसंस्थेत नोकरी करते. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला विचारले की, तुझ्या पानांविषयी लिहू का? ती हसली. म्हणाली, "लिहा. पण सर, त्यात एक खोटं आहे. मधल्या विहिरीचा संक्रांतीचा आकडा मी अंदाजाने लिहिला होता. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते, मोजायला जाता आलं नाही. मला वाटलं, कुणी तरी विचारेल. विचारलं तर खरं सांगणार होते."

कोणी विचारले नाही. मीही नाही. मी दोनदा वाचले आणि भारावून गेलो, पण हा आकडा कसा आला, हे मला विचारायचे सुचले नाही. आता पाने काढून पाहतो तर तिन्ही विहिरींच्या आकड्यांत तो एकच नेमका गोल आकडा आहे. लक्ष देऊन वाचणाऱ्याला तो तेव्हाच खटकला असता. एक प्रश्न विचारला गेला असता तर त्या मुलीला त्या दिवशी जे कळले असते ते सबंध तीन वर्षांच्या पदवीत कळले नाही.

म्हणून येत्या फेब्रुवारीपासून मी एक नियम केला आहे. मुखपृष्ठ मी काढून देईन. पृथ्वी मागितली तर पृथ्वी, बुरूज मागितला तर बुरूज. मात्र आधी त्याने ओट्यावर बसून आतली पाने मला वाचून दाखवायची, आणि मी विचारीन त्याचे उत्तर द्यायचे. मी दहावी शिकलेला माणूस. माझे प्रश्न काही अवघड नसतील.